उलंगवाडी झाल्यावर

मु. बोरगव्हाण, ता. घाटंजी
२० मे २०२३

चि. अमर,

पत्र पाहून घाबरू नको, घरी सगळे धड आहेत. फोनवर तू हो माय, हो माय करतो अन मुद्द्याचं आलं का रेंज गेली म्हणतो. कागदाची रेंज जात नाही म्हणून लिहून राह्यली. आपली सोनू म्हणे मी लिहून देतो. मी म्हटलं, तू भावासाठी गोड करशील. चौथीपर्यंत शिकली, तेवढं मले पुरते.

तू म्हणतो जूनमध्ये जेठाधार चढतो. शंकरसिंग म्हणे सांगते का पहाड चढाचा हाच टाइम बरोबर. शंकरसिंग आपल्याच जिल्ह्यातला माणूस, दिग्रसकडचा. फौजेतून सुटला अन तिकडंच उत्तराखंडात लोकायले पहाडावर नेण्याचं काम उघडलं, तुले हाताशी धरलं, हे त्याचं चांगलंच. पण त्याले कोणतं वावर पेराचं आहे? आपल्याले आहे. जूनमध्ये मिरग लागते. तुझ्या बापाचा गुडघा तुले माहीत आहे, तिफनीमागं एक फेरा झाला का वावराच्या धुऱ्यावर बसतेत अन पाणी मागतेत. मंग पेरणार कोण, मी का सोनू?

अन पहाडाचं बी मीच सांगतो. उन्हाळ्यात तिथलं बरफ पाझरते. पाझरल्या जागेवर कोणी पाय ठेवते का? आपल्या काळ्या वावरात श्रावणात जाऊन पाहा, चप्पल खाली राहते अन पाय वर येते. तेच माघात जा, ढेकूळ असं कडक का बैल घसरत नाही. बरफाचं तसंच असन. थंडीत घट्ट राहते. कापसाचा शेवटचा वेचा घरी आला, उलंगवाडी झाली, पऱ्हाट्या उपटून झाल्या का खुशाल जा. तवा इथं बी काम नसते. मी काही चढू नको म्हणून नाही राह्यली. टाइम सांगून राह्यली.

पेरणीले नाही आला तर घरी येऊच नको. हे रागात नाही लिहिलं, जेवण करून लिहिलं.

तुझी माय

•

खालचं सुनकोट, उत्तराखंड
१ जून २०२३

ती. मायले नमस्कार,

येतो पेरणीले. बाबाले सांग तिफन काढून ठेवा, मी आल्याशिवाय वावरात पाय टाकू नका.

पण बरफाचं तू लिहिलं तसं नाही आहे माय. थंडीत नवं बरफ पडते, ते जुन्यावर चिकटत नाही. आपल्या घरी सरकीचा ढीग असते, त्याच्यावर आणखी एक टोपलं सरकी टाकली का वरची सगळी घसरून पायाशी येते, तसं. इथं पहाड चढाले दोनच दारं आहेत. एक मे-जूनचं, एक सप्टेंबर-ऑक्टोबरचं. बाकी साल पहाड बंद. हे मी नाही, इथले सगळे सांगतेत.

जूनचं दार तू बंद केलं, ठीक. सप्टेंबरचं उघडं राहू दे. जेठाधार नावावर लागली तर शंकरसिंग काका मले टोळीचा लीडर करणार. नाही तर मी दुसऱ्याचे तंबू वाहत राहीन, ते चढतील अन मी खाली त्यायची खिचडी हलवीन. दोन सालं झाली हेच करून राह्यलो. खालून वर पाहून पाहून मान दुखते.

सोनूले म्हणा अभ्यास कर, भावाचे पत्र नंतर वाच.

तुझा अमर

•

बोरगव्हाण
३० ऑगस्ट २०२३

चि. अमर,

तुझी राखी सोनूनं वेगळी पाठवली आहे. यात राखी शोधू नको.

पेरणी चांगली केली. पऱ्हाटी कमरेले लागली, पात्या-कळ्या लागून राह्यल्या. म्हणून आता सप्टेंबरचं सांगतो. तू गेला तवा बापानं तुले स्टँडवर म्हटलं म्हणे, जा रे, माय मानली नाही तरी मी आहे. ते काही नाहीत. ते फक्त मनानं आहेत, गुडघ्यानं नाहीत.

मागच्या साली काय झालं ते डोळ्यानं पाह्यलं ना? वेचाले बाया भेटल्या नाहीत. एक एक बोंड फुटून लोंबलं अन वरून पाणी आलं. घरात आणला तवा कापूस नाही, पोतेरं होतं. यंदा पहिल्या वेच्याले सीतादहीची पूजा मी मांडीन, दहीभात वावरात ठेवीन, तवा घरचा पुरुष मले बांधावर उभा पाहिजे. तू पहाडावर उभा राहून मले काय उपयोग?

तू सरकीचं लिहिलं. सरकी मले शिकवतो? सरकी घसरते कारण ती गोल असते. बरफ गोल नसते. मी अंगणवाडीच्या दीपाले विचारलं, तिनं मोबाईलवर दाखवलं. थंडीत बी लोक पहाड चढतेत. सगळं पांढरं होतं, माणसं रंगीत कोट घालून हसून राह्यली होती. एकाच्या हातात झेंडा होता. त्यायचं चालते अन तुझं दार बंद? तुझ्या लोकायले थंडी सोसत नसन म्हणून बंद म्हणत असतील.

आता शेवटचं. वेचणीले तू नसला तर मी वावर बाजूच्या वावरवाल्या घनश्यामले ठोक्यानं कसाले देऊन टाकतो. तो दोनदा विचारून गेला. एकदा दिलं का तो धुरा बी सोडणार नाही, हे तुले माहीत आहे. मंग तू लीडर हो नाही तर मंत्री हो, इकडं तुझं काही नाही.

उलंगवाडी झाल्यावर जा. माझी परवानगी आहे.

तुझी माय

•

खालचं सुनकोट
११ सप्टेंबर २०२३

ती. माय,

ठीक आहे. उलंगवाडी झाल्यावर.

तू म्हणते तसं थंडीतही चढतेत लोक. हे खोटं नाही. सोबत राळेगावचा नयन आहे, तो बी माझ्यासारखाच तंबू वाहते. दोघं मिळून जमवू. थंडीत चढलेल्याचं नाव जास्त होते.

शंकरसिंग काकाले सांगतलं. त्यायनं हातातला चहा तसाच ठेवला अन बाहेर निघून गेले.

ऑक्टोबर लागला का येतो.

अमर

•

खालचं सुनकोट
५ फेब्रुवारी २०२४

ती. माय,

पोचलो. रस्ता दोन ठिकाणी बंद होता, जीपवाल्यानं अर्ध्यात उतरवून दिलं, पुढं चाललो. इथला टॉवर महिनाभर झाला बंद आहे म्हणून फोन नाही. पत्र दुकानदार देऊन-घेऊन राह्यला. त्याच्याकडं खालच्या शहराचा माणूस येते, रस्ता उघडा असला का.

तू बांधून दिलेले तिळाचे लाडू नयननं जीपमध्येच संपवले. तीन महिने कापूस वेचून माझी बोटं अशी झाली का इथं दोरीची गाठ बसायले वेळ लागते. आता बसते. रोज सराव करतो.

आम्ही काल वरच्या सुनकोटपर्यंत जाऊन आलो. तिथून जेठाधारची वाट लागते. उन्हाळ्यात त्या गावात किती गडबड असते, बाया गवत वाहतेत, पोट्टे आमच्या मागं फिरतेत. आता एक माणूस नाही. थंडी लागली का सगळे गुरंढोरं घेऊन खाली उतरतेत. दारायले कुलुपं, कुलुपायवर फडकी बांधली आहेत. बरफ खिडकीपर्यंत. एक कुत्रं तिथं बारमाही राहत होतं, म्हातारं, आम्ही त्याले भाकर टाकायचो. ते बी दिसलं नाही.

दुपारी समोरच्या धारेवर गडगड आवाज येते. नयन म्हणे, वर ट्रक चालून राह्यला. तिथं रस्ता नाही. आम्ही भल्ले हसलो.

काळजी करू नको. हवा चांगली दिसली का निघू. बाबाच्या गुडघ्याले तेल लावून देत जा, ते स्वतः लावत नाहीत, लावलं म्हणतेत.

अमर

•

जोशीपाडा बाजार, उत्तराखंड
१० फेब्रुवारी २०२४

इंदुबाई यांस शंकरसिंग राठोडचा रामराम.

आपली ओळख फोनवर एकदा झाली. इथूनही मोबाईल लागेना, म्हणून बहीण समजून लिहितो. मी थंडीत सुनकोटला राहत नाही, खाली शहरात येतो. माझी सगळी माणसं खाली येतात. फक्त अमर आणि नयन वर गेले, माझं न ऐकता.

मी त्यांना सामान देणार नाही म्हणालो. त्यांनी दुसरीकडून घेतलं. मी म्हणालो, नोकरी जाईल. अमर म्हणाला, काका, काढा. मग मी त्याला समोर बसवून विचारलं, अरे तुला पहाड कळतो, तू आंधळा नाहीस, मग हा महिना का? तो म्हणाला, आईनं हा टाइम दिला आहे. दुसरा मिळणार नाही. जूनमध्ये पेरणी आहे, सप्टेंबरात फवारा आणि कापूस. म्हणून हाच.

इंदुबाई, मी फौजेत होतो. थंडीत या पहाडावर माझे सोबती गेले आहेत. चढताना नाही, नुसतं उभं असताना. बर्फ वरून येतो तेव्हा आधी वारा येतो, आणि वारा आला हे कळेपर्यंत झालेलं असतं. मोठमोठे लोक थंडीत चढतात ते खरं, पण त्यांच्यामागं पंधरा माणसं असतात, आणि त्यातलेही परततातच असं नाही. हे दोघं आहेत, दोघंच.

माझं ऐकणार नाही. तुमचं ऐकेल. त्याला परत बोलवा. कसंही बोलवा. घरी कुणी आजारी आहे म्हणा.

शंकरसिंग

•

बोरगव्हाण
१७ फेब्रुवारी २०२४

चि. अमर,

तुझं पत्र आलं. सोनूनं वाचलं, मंग मी वाचलं. तुझ्या बापानं ऐकलं अन उठून गोठ्यात गेले. गोठ्यात आता एकच गाय आहे, तिच्यापाशी काय करत होते माहीत नाही.

मले सांग, गावचे लोक खाली काहून उतरतेत? तू लिहिलं थंडी लागली म्हणून. थंडी तर आपल्या इथं बी लागते, आपण गाव सोडून जातो का? घराले कुलूप लावून, गुरं घेऊन, सगळं गाव. अन कुत्रं कायले गेलं? कुत्र्याले तर कोणी सांगत नाही. ट्रकचं बी मले हसू नाही आलं. तो आवाज कशाचा होता ते सरळ लिही. तू तीन महिने घरी होता. रोज माझ्यासोबत वेचा केला, एका ताटात जेवला. यातलं एक अक्षर तोंडातून नाही काढलं.

वरचं लिहून ठेवलं होतं. सोनू घाटंजीले टपालात टाकाले निघालीच होती, तर बाहेर पोस्टमन. शंकरसिंगचं पत्र.

आता नीट वाच. मी जो टाइम दिला तो कापसाचा टाइम होता. पहाडाचा मले काय माहीत? मी पहाड पाह्यला नाही. घाटंजीची टेकडी पाह्यली. दीपाच्या मोबाईलवर पाह्यला तो फोटो होता. तू शिकला, तू तिथं राहतो, तुले माहीत होतं अन तरी माझं ऐकलं. एवढा कधीचा आज्ञाधारक झाला? लहानपणी दूध पी म्हटलं तर पळत होता.

खाली ये. मे महिन्यात जा. पेरणी मी पाहतो. घनश्यामचा ट्रॅक्टर सांगतो, नाही तर भाड्यानं बैल आणतो, तुझ्या बापाले धुऱ्यावर खाटेवर बसवतो अन मी तिफन धरतो. तू इकडं येऊ नको, तिथंच राहा, मे उजाडू दे, पहाडाच्या वेळेनं जा. अन वावर मी कोणाले देणार नव्हती. ते मी तुले बांधून ठेवाले लिहिलं होतं.

घरी कोणी आजारी नाही. शंकरसिंग म्हणते तसं खोटं लिहाले बसली होती, हात चालला नाही. खरं सांगतो, मले भेव लागून राह्यलं. एवढं पुरे असलं पाहिजे.

फोन लावून राह्यली सारखा. शंकरसिंगच्या नंबरवर बाई बोलते, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. सोनूनं तिथल्या कोणत्या तरी ऑफिसचा नंबर काढला, घंटी वाजते, कोणी उचलत नाही. म्हणून हे पत्र सोनू घाटंजीले नाही, यवतमाळले नेऊन स्पीडपोस्ट करून राह्यली.

खाली उतर रे.

माय

•

वरचं सुनकोट
१८ फेब्रुवारी २०२४

ती. माय,

हे पत्र दुकानदाराचा भाऊ खाली नेते. तो आमचं शेवटचं सामान पोचवून आजच परत चालला. तो थांबाले तयार नव्हता. चहा बी पेला नाही.

उद्या निघतो. हवा अशी निवळ आहे का विचारू नको. वारा नाही, ढग नाही, जेठाधारचं टोक असं दिसते जसं हात लावता येईल. एक-दोन दिवस नाही, बऱ्याच दिवसांपासून असंच आहे. नयन म्हणते एवढं निवळ बरं नाही, थंडीत असं राहत नसते. मी म्हटलं, तुले ढग पाहिजे का?

एका घराचं कुलूप तुटलं होतं, तिथं आम्ही मुक्काम केला. चुलीपाशी कोणाची तरी वाटी पालथी ठेवून गेले आहेत. आम्ही काही हात लावला नाही. जाताना दार ओढून घेऊ.

उतरलो का खालून पत्र टाकतो. जूनमध्ये पेरणीले मीच. यंदा तूर जास्त लावू, कापूस कमी. तुझ्याशी भांडून लावू.

तुझा अमर

•

खालचं सुनकोट
६ मार्च २०२४

इंदुबाई,

रामराम लिहायला हात होत नाही.

तुमचं पत्र दुकानदारानं माझ्या हातात दिलं. ते आलं तेव्हा पोरं वर जाऊन बरेच दिवस झाले होते. पाकीट बंदच होतं. मी उघडलं, माफ करा. मी वाचून मग वर गेलो, जितकं जाता आलं तितकं.

नयन खाली आला आहे. त्याला वरच्या सुनकोटच्या खाली दुकानदाराच्या भावानं पाहिलं. पायाची बोटं गेली आहेत, जीव आहे. तो सांगतो, टोक जवळ होतं. आकाश साफ होतं. दुपारी वारा सुटला. दोघं दोरीनं बांधलेले होते, नयन पुढं, अमर मागं. बर्फ सुटला तेव्हा नयन एका खडकाला चिकटला. आवाज फार आला नाही म्हणतो. फक्त कमरेची दोरी एकदम जड झाली आणि मग हलकी. त्यानं ओढली तर कापलेलं टोक हातात आलं.

शोधपथक आलं होतं. चांगली माणसं होती, जीव लावून गेली. वरच्या सुनकोटच्या पुढं बर्फ पाय ठेवू देत नाही. रोज वरून येतो आहे. त्यांनी मला सांगितलं आणि मलाही ते माहीत आहे, आता कुणालाही वर पाठवणं म्हणजे आणखी एक माणूस देणं. शोध मे महिन्यात. त्याआधी नाही.

मी खाली जात नाही आहे. इथंच राहतो.

शंकरसिंग

•

बोरगव्हाण
१९ मार्च २०२४

शंकरसिंग भाऊ,

तुमचं पत्र भेटलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी अमरचं भेटलं, निघायच्या आदल्या दिवशी लिहिलेलं. टपाल असं उलटं आलं. सोनूनं ते पाह्यलं अन तिले वाटलं तो जिवंत आहे, ती ओरडत अंगणात आली. मी तारीख पाह्यली. तिले मीच सांगतलं.

नयनले यवतमाळच्या दवाखान्यात आणलं आहे. मी गेलती. त्याच्या मायनं मले खुर्ची दिली, पाणी दिलं, माझ्याकडं पाह्यलं नाही. मी बी तिच्याकडं नाही पाह्यलं. नयन बोलला. त्या सकाळी तो अमरले म्हणाला होता, वापस जाऊ, मन मानत नाही, पुढच्या साली येऊ. तर अमर म्हणाला, पुढच्या साली बी मले हाच महिना भेटन.

हे तुम्हाले कळवलं पाहिजे म्हणून लिहिलं. तुम्ही स्वतःले दोष देत असाल तर देऊ नका. तुम्ही मालक होते, त्याची माय मी आहे.

लोक येऊन राह्यले, बसून राह्यले. कोणी म्हणे तेरावं करून टाका, कोणी म्हणे माणूस दिसल्याशिवाय करू नये. गुरुजी पंचांग घेऊन आले होते, मी त्यायले चहा देऊन वापस लावलं. यायले वाटते मी दगड झाली. अमरचे बाबा किसनराव गोठ्यातच बसून राहतेत. गुडघ्याले तेल लावून दिलं तर लावू देतेत, एवढंच.

तुम्ही लिहिलं मे महिन्यात वर जाता येते. मी येतो. तुम्ही नाही म्हणाल, बाईमाणसाचं काम नाही म्हणाल, तर तो कागद वाया घालवू नका. मी दिवसभर उन्हात वाकून कापूस वेचतो, माझी छाती चालते. जिथपर्यंत नेता येईल तिथपर्यंत न्या. तिथून पुढं तुम्ही जा, मी थांबतो. सोनू सोबत राहील, तिले हिंदी येते. बूट कसे लागतेत ते लिहा, इथं भेटत नाहीत, यवतमाळले पाहीन.

वावर यंदा पडीत राहीन. घनश्याम आला होता, न मागता म्हणे मी पेरून देतो, हिस्सा नको. मी नाही म्हटलं.

तुम्ही फक्त टाइम कळवा. मेचा पहिला आठवडा का शेवटचा, का जून लागल्यावर, पहाड जेव्हा म्हणन तेव्हा. मी इकडचं काही मधात आणणार नाही.

इंदू